घरची एसयूव्ही पंधरा वर्षं चालवायची तर: पाडवा, मृग आणि दसरा

आमच्या घरात एकाच मॉडेलच्या दोन डिझेल एसयूव्ही होत्या, एक माझी आणि एक थोरल्या चुलत्यांची म्हणजे आप्पांची, दोन्ही २०१२ च्या, मध्ये चार महिन्यांचा फरक. माझी आज २ लाख ४० हजार किलोमीटरला आहे आणि अजून सात माणसं, वर आंब्याच्या पेट्या, एसी चालू, अशी कुंभार्ली घाट चढते. आप्पांची ७८ हजार किलोमीटरलाच कामातून गेली. कुठं ठोकली नाही, कुणाला चालवायला दिली नाही, रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसली जायची, सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं सुद्धा काढली नव्हती. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की कुठली कंपनी भारी यावरच गाडी अडकते, आणि यात चूक कंपनीची नव्हतीच, आमची होती.)

झालं काय, तर आप्पांचं एकच गणित होतं, "किलोमीटर कुठं झालेत अजून?" दहा हजाराला सर्व्हिस म्हणजे त्यांच्या हिशोबानं दीड वर्षातून एकदा, मग ती पण पुढं पुढं जायची. आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी झालं की अंगणातल्या बोअरचं पाणी, तांब्यानं. सात-आठ वर्षं. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जसा बंबात बसतो तसाच बसत गेला आणि एका मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी चढताना काटा लालवर गेला. तिथंच गाडी बाजूला घेतली असती तर रेडिएटरवर भागलं असतं, पण आप्पा म्हणाले वर पोचू मग बघू. वर पोचले, पण हेड वाकलं, गॅस्केट गेलं, ऑईलमध्ये पाणी. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्यांनी गाडी मिळेल त्या भावाला दिली.

मला यातून कळलेली गोष्ट अशी की घरची गाडी पळून पळून मरत नाही, उभी राहून आणि तारखा चुकवून मरते. शिर्डी-पुणे टॅक्सीत फिरणाऱ्या जुन्या इनोव्हा तीन-चार लाख किलोमीटर आरामात करतात, त्यात जादू काही नाही, त्यांचं इंजिन दिवसभर गरमच असतं आणि ऑईल वेळेवर पडतं. घरची गाडी मात्र सकाळी दोन किलोमीटर शाळा, संध्याकाळी तीन किलोमीटर मंडई, मग चार दिवस झाकून. एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापतच नाही, जळणातून झालेली वाफ आत पाणी होऊन बसते, ती उडून जायला जी गरमी लागते ती मिळत नाही, मग ते पाणी आणि जळणाचा कचरा ऑईलमध्ये मिसळून ऑईल आंबट होत जातं. किलोमीटर झालेत बाराशे, ऑईल मात्र म्हातारं झालेलं असतं.

म्हणून मी किलोमीटरपेक्षा कॅलेंडर बघतो, आणि आपलं कॅलेंडर तर आयतंच आहे: पाडवा, मृग, दसरा. तीन वेळा गाडीकडं नीट बघायचं. आता एकेक सांगतो.

आधी वही आणि ओनर्स मॅन्युअल

शंभर पानी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या ग्रेडचं, किती पैसे. बस. मोबाईलमध्ये ठेवलं तरी चालेल पण मोबाईल बदलतो, वही गाडीबरोबर राहते, आणि विकताना ही वही दाखवली की समोरचा माणूस भाव पाडायला जरा लाजतो.

मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा आणि मेंटेनन्सचं पान बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. कठीण म्हणजे काय ते खाली बारीक अक्षरात असतं: धूळ, छोट्या फेऱ्या, सततचं ट्रॅफिक, डोंगरी रस्ता, जड वजन. वाचा आणि सांगा यातलं आपल्याकडं काय नाही! उसाच्या हंगामात आमच्याकडं ट्रॉल्यांच्या मागून चालवणं म्हणजे तोंडावर पावडर फासून चालवणं. तेव्हा आपला तक्ता दुसरा. साध्या तक्त्यात ऑईल साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, दुसऱ्यात त्याहून लवकर, आणि गाडी छोट्या फेऱ्यांचीच असेल तर मी पण लवकरच टाकतो. "जे आधी होईल ते" हे शब्द आप्पांनी कधी वाचलेच नाहीत.

पाडव्याला: पाणी, एसी, बॅटरी

उन्हाळा सुरू व्हायच्या तोंडावर पहिलं काम कूलंट. सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, बॉनेट उघडून प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये लेव्हल आहे का बघायचं. रंग गढूळ, तांबूस दिसला तर गंज सुटलाय असं समजा. वारंवार कमी होत असेल तर ते कुठंतरी जातंय, वरून भरत बसू नका, गळती शोधा: होजच्या टोकाशी वाळलेला रंगीत डाग, वॉटर पंपाच्या खाली थेंब. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं, झाकण फिरवलं की उसळून थेट तोंडावर.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बहुतेक ठिकाणी अर्धं-अर्धं, आणि तयार मिश्रण घेतलं तर त्यात अजून पाणी घालायचं नाही. हिरवं, लाल, गुलाबी असे रंग बघून कूलंट मिसळू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, मॅन्युअलमधला प्रकार महत्त्वाचा. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि ती काही वर्षांत संपतात, नुसतं रंगीत पाणी उरतं, म्हणून मॅन्युअलमधल्या मुदतीला सगळं काढून नवीन. रस्त्यात अगदीच अडलात तर बिसलेरी टाका, घरी आल्यावर मात्र ते काढून नीट भरा.

काटा वर गेला तर? गाडी बाजूला, एसी बंद, इंजिन बंद. वर पोचू मग बघू नाही.

एसीचं सोपं आहे. केबिन फिल्टर स्वतः काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या गाडीत एकदा पिंपळाची पानं आणि अर्धा उंदराचा संसार निघाला होता. थंडीत सुद्धा आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे गॅसबरोबर फिरणारं ऑईल कॉम्प्रेसरच्या सीलला लागत राहतं.

बॅटरी तीन ते पाच वर्षं जाते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरशीसारखा थर आला तर गरम पाण्यानं धुवा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. चार-चार दिवस उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फिरवून आणा, अंगणात नुसती चालू करून दहा मिनिटं ठेवण्यानं बॅटरी भरत नाही, उलट वर सांगितलेलं ऑईलचं दुखणं वाढतं.

आणि उंदीर. हा विषय कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. तंबाखूच्या पुड्या, डांबर गोळ्या, स्प्रे सगळं करून झालं, माझ्याकडं खरं चाललं ते म्हणजे खालून जाळी मारणं आणि पोरांनी गाडीत खाल्लेल्या चुरमुऱ्या-शेंगदाण्यांचे दाणे रोजच्या रोज झाडणं.

ऑईलबद्दल जरा जास्त

कारण इंजिनचं आयुष्य इथंच ठरतं. सपाट जागेवर गाडी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. महिन्यातून एकदा, डिझेल टाकायच्या आधी पंपावर पण चालतं. डिझेलचं ऑईल बदलल्यावर दोनशे किलोमीटरात काळं पडतं, ते घाण झालं असं समजून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. घाबरायचं केव्हा, तर ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर, म्हणजे आत पाणी शिरलंय, आणि दुसरं म्हणजे लेव्हल आपोआप वाढली तर, त्याचं कारण खाली बीएस ६ (धुराचे नवे सरकारी नियम) मध्ये सांगतो.

ग्रेड मॅन्युअलमधला. ५डब्ल्यू-३० लिहिलंय तर "आपल्याकडं गरमी असते, जाड टाका" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आताच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो, ते ऑईल थंड इंजिनात किती झटकन वर पोचतं यावर सगळं आहे. ऑईल फिल्टर दर वेळेला नवीन, तिथं कंजूषपणा म्हणजे आंघोळ करून कालचा शर्ट घालणं.

टायमिंग चेनचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या साखळीचं (काही गाड्यांत तिच्या जागी बेल्ट असतो), पण ऑईलशीच नातं आहे. चेनवाल्या गाडीला काही करावं लागत नाही असं सगळे म्हणतात, पण चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑईलच्या दाबावर चालतो, घाण ऑईलवर चेन लांबते आणि गार इंजिन चालू करताना समोरून खडखड यायला लागते. बेल्टवाली गाडी असेल, उदाहरणार्थ जुनी इनोव्हा २.५ किंवा डस्टरचं १.५ डिझेल, तर तो बेल्ट मुदतीला बदलायचाच. इनोव्हाला ही मुदत दीड लाख किलोमीटर आहे आणि त्यासाठी मीटरवर वेगळा दिवा सुद्धा दिलेला आहे. बेल्ट तुटताना आधी सांगत नाही, तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतो. सेकंड हँड घेतलीत आणि मागचा मालक "बदलला असेल" म्हणाला तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

टर्बोसाठी दोन सवयी: चालू केल्या केल्या रेस करायची नाही, आणि घाट चढून किंवा हायवेला ताणून आल्यावर लगेच चावी बंद करायची नाही, एक मिनिट चालू राहू द्या. सगळे उतरून सामान काढेपर्यंत मिनिट होतंच.

मृगाच्या आधी: ब्रेक आणि टायर

मे संपायच्या आत हे झालंच पाहिजे, जूनच्या पहिल्या पावसात टायरवाल्याकडं रांग असते.

ब्रेक फ्लुइड ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा शिरला की कमी गरमीत उकळतं. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. मला हे कुंभार्ली उतरताना चिपळूणच्या बाजूला एकदा झालंय, हँडब्रेक आणि दुसऱ्या गिअरवर गाडी थांबली, घरात आजपर्यंत सांगितलेलं नाही. तेव्हापासून दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलतो, डॉट ३ की डॉट ४ ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. फ्लुइडची लेव्हल खाली गेली तर नुसती भरू नका, पॅड झिजले की लेव्हल खाली जाते, म्हणजे ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. पॅड ३ मिलीमीटरवर आले की बदला, पुढं ढकललं तर डिस्क खरवडते आणि मग दोन्हीचे पैसे. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आमचे एसटीवाले आधीपासून करतात.

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. घरच्या गाडीत नक्षी शिल्लक असते पण रबर कडक झालेलं असतं, पाच-सहा वर्षांनंतर बारीक भेगा दिसायला लागल्या की विचार करत बसू नका. कायद्यानं नक्षी १.६ मिलीमीटर चालते पण आपल्या पावसात मी ३ च्या खाली जात नाही. हवा महिन्यातून एकदा, गार टायरला, दरवाज्याच्या खांबावर लिहिलेली. सात माणसं आणि सामान असेल तर तिथंच जास्तीचा आकडा दिलेला असतो. दहा हजाराला टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट. स्टेपनी विसरू नका, आमची एकदा गरजेच्या वेळी सपाट निघाली, आणि जॅक घरी गवताच्या गंजीजवळ ट्रॉलीखाली होता, असो.

वायपरची रबरं, सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या नळ्या आणि काचेच्या खालच्या जाळीतला पालापाचोळा. हे तुंबलं की पाणी आत कार्पेटखाली जातं, तिथं वायरिंग असतं.

पुराच्या पाण्याबद्दल एकच गोष्ट, पण ती घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ पाहिजे: पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा ओळखीतल्या एकानं पाणी उतरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली आणि वाचण्यासारखं इंजिन घालवलं. बॅटरीची वायर काढा, टो करून न्या.

दसऱ्याला: खालचा भाग

झेंडूचं तोरण लावायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो. चार महिने चिखल, खड्डे, ओल यांनी जे काय केलंय ते सगळं खाली आहे आणि वरून दिसत नाही.

आधी खालून प्रेशरनं धुवून घ्या, चाकांच्या आतल्या कडा, चॅसीचे खाचे, सगळं. कोकणातला तांबडा चिखल तिथं बसून वर्षभर ओल धरतो. आमची सासुरवाडी गुहागरकडची, समुद्रापासून चालत दहा मिनिटं, तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं काय होतं ते मेहुण्याच्या गाडीचे सायलेन्सर बघून कळतं. बीचवर गाडी घालून फोटो काढायची हौस असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा, पण खरं सांगायचं तर घालूच नका. अँटी-रस्ट कोटिंग मारताना आधी गंज घासून काढतात का आणि पूर्ण कोरडं करतात का ते उभं राहून बघा, ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग म्हणजे जखम न धुता पट्टी. दरवाज्यांच्या खालची निचऱ्याची भोकं बुजवू देऊ नका.

मग मिस्त्रीला सांगून चाक हलवून बघायचं. सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, ढिले झालेत का, शॉकअपमधून ऑईल गळतंय का. लिंक रॉड स्वस्त असतो, खडखड सहन करत वर्ष काढलं की बाकीचे सांधे आणि टायर मिळून त्याच्या कितीतरी पट घेतात. स्टिअरिंग आणि एक्सलचे रबरी बूट फाटलेत का बघा, फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर येतं आणि माती आत जाते, वेळेत पकडलं तर नुसता बूट, नाहीतर अख्खा जॉइंट.

एअर फिल्टर याच वेळी. धुळीचा बारीक कण इंजिनात गेला की तो सिलिंडरला पॉलिश पेपरसारखा घासतो. झटकून परत लावणं एखाद्या वेळी ठीक, पण कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सोडून पाणी काढा, आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो, त्यात पाण्याचा थेंब गेला की डिझेल फवारणारा इंजेक्टर जातो, आणि इंजेक्टरचं बिल बघून माणूस खाली बसतो.

लाखाच्या पुढचं

गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्याचं) ऑईल बहुतेक गाड्यांत जन्मापासून तेच असतं. मागच्या चाकांवर चालणारी, चॅसीवाली एसयूव्ही असेल तर हे बदला, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारायची जागा असेल तर मारा. फोर बाय फोर असेल तर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ते लावून थोडं चालवा. ऑटोमॅटिकच्या ऑईलला "लाइफटाइम" म्हणतात, पण कुणाचं लाइफटाइम ते सांगत नाहीत. मी ओळखीच्यांना साठ-ऐंशी हजारात बदलायला सांगतो.

बीएस ६ डिझेल असेल तर

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती काजळी अधूनमधून गाडी स्वतः जाळते, पण त्यासाठी तिला गरमी लागते. माझ्या धाकट्या भावाची गाडी पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढीच चालायची, दिवा लागायचा, तो दुर्लक्ष करायचा. आता दर दोन आठवड्यांनी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या स्पीडनं काढतो, दिवा बंद. जाळणं चालू असताना सारखी गाडी बंद केली तर त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं, म्हणून ती लेव्हल वाढते, आणि पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग जातात. ऑईल पण कमी राखेचं, डीपीएफला चालणारं लागतं. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल तर त्या द्रावणाच्या डब्यावर आयएसओ २२२४१ बघून घ्या, आणि चुकून सुद्धा डिझेलच्या टाकीत ओतू नका. खरं तर रोजचं फिरणं पाच किलोमीटर असेल तर पेट्रोलच घ्यावं, हे घेण्याआधी कुणी सांगत नाही.

गॅरेजमध्ये

इंजिन फ्लश, अमुक ॲडिटिव्ह, टेफ्लॉन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, ही यादी समोर आली की मी विचारतो "मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे?" बहुतेक वेळा यादी निम्मी होते. काढलेले पार्ट डिकीत टाकायला सांगा. मला एका ठिकाणी डिझेल फिल्टर बदलल्याचं बिल दिलं होतं आणि जुन्या फिल्टरवर मी मार्करनं केलेली खूण गाडीतच होती, तेव्हापासून खूण करायची सवय लागली. वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, नंतर एक चांगला मिस्त्री धरा आणि त्याच्याशी पैशावरून फार घासाघीस करू नका.

कधी सोडायची

इंजिन उघडून परत बांधता येतं, गिअरबॉक्स बांधता येतो. चॅसीला किंवा सस्पेन्शन जिथं बसतं त्या जागेला गंजाची भोकं पडली की मात्र थांबायचं, वेल्डिंगचे तुकडे लावून सात माणसं घाटात न्यायची नाहीत. दिल्लीकडं डिझेलला दहा वर्षांची अट घातली गेली, तशी आपल्याकडं महाराष्ट्रात नाही. इथं पंधरा वर्षांनी आरटीओला गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेता येते. एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा.

माझीला २०२७ ला पंधरा होतात. वहीत या दसऱ्यासाठी लिहून ठेवलंय: मागच्या डिफरन्शियलचं ऑईल, पुढचे दोन लिंक रॉड, डाव्या बाजूच्या दरवाज्याच्या उंबऱ्याखाली नखाएवढा गंज दिसलाय तो घासून प्रायमर, आणि स्टेपनीत हवा. खाली आप्पांनी त्यांच्या अक्षरात "जॅक घेणे" लिहिलंय, तो अजून ट्रॉलीखालीच आहे.